आंबवलेल्या चहाने शिकवलेलं

कोरा चहा, साखर, आधीच्या खेपेचं थोडं आंबट पाणी आणि आठ-दहा दिवसांचा धीर, एवढ्यावर कोंबुचा होतो. आमच्या पुण्याच्या घरात तो आता इतका रुळलाय की ओट्याच्या कोपऱ्यात बरणी दिसली नाही तर येणारे-जाणारे विचारतात. मला हे पेय मनापासून आवडतं. आवडतं म्हणूनच त्याच्याबद्दल जे जे बोललं जातं, चांगलं आणि वाईट, ते नीट समजून घ्यावंसं वाटलं. मी डॉक्टर नाही, सूक्ष्मजीवशास्त्रही शिकलेली नाही. मी बरणी सांभाळते आणि मिळेल ते वाचते. त्यातून जे उमगलं ते असं.

१.

पहिलं आश्चर्य बरणीतच होतं. वर तरंगणारी गुळगुळीत, फिकट चकती पाहून बहुतेकांना अळंबी आठवते. रशियात तिला चहाची अळंबीच म्हणतात. सोव्हिएत काळात तिथल्या कितीतरी घरांत तीन लिटरच्या काचेच्या बरणीत, तोंडाला जाळीचं कापड बांधून ती ठेवलेली असे. प्रत्यक्षात तो कोमागाटाइबॅक्टर नावाच्या जिवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा पापुद्रा आहे. कापसाच्या धाग्यात असतं तेच द्रव्य. त्या पापुद्र्यात आणि खालच्या चहात जिवाणू आणि यीस्ट एकत्र नांदतात. यीस्ट साखर फोडतं आणि तिच्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. जिवाणू त्या अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते. ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्लही होतं. ते चवीला सौम्य, म्हणून चांगला जमलेला कोंबुचा घशाला व्हिनेगरसारखा बोचत नाही. हे कळल्यापासून बरणीवरचं कापड सोडलं की मी आधी वास घेते. पावासारखा वास आला तर यीस्ट पुढे आहे, व्हिनेगरचा आला तर जिवाणू. दोघांपैकी कोणाचं पारडं जड आहे ते नाकाला कळू लागलं, याचा मला अजून आनंद होतो.

२.

सगळ्यांचं लक्ष चकतीकडे जातं, पण खरा जीव पाण्यात असतो. लोक माझ्याकडे चकती मागायला येतात. मी तिच्याबरोबर वाटीभर जुना, आंबट कोंबुचा देते आणि सांगते की चकती सांडली-हरवली तरी चालेल, हे पाणी जपा. हे विरजण आहे. दूध नासायच्या आत दही लागावं म्हणून जसं पुरेसं विरजण लावतो, तसंच इथेही. नव्या गोड चहात दहावा हिस्सा जुना कोंबुचा असला की पाणी पहिल्याच दिवसापासून आंबट असतं, आणि अशा पाण्यात रोग आणणाऱ्या बहुतेक जंतूंना वाढता येत नाही.

माझं प्रमाण साधं आहे. लिटरभर पाणी, दोन-तीन चमचे पत्तीचा चहा, सत्तर ग्रॅम साखर आणि शंभर मिलिलिटर विरजण. विरजण घालायचं ते चहा पूर्ण निवल्यावर, कारण कोमट म्हणता म्हणता गरम राहिलेला चहा त्या जिवांना भाजून काढतो. डस्टचा चहा मी वापरत नाही, तो फार तुरट उतरतो. आणि प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून पीएचच्या कागदी पट्ट्या आणून ठेवल्या आहेत. आठवड्याच्या आत पीएच ४.२च्या खाली यायला हवा. तो आला नाही तर ती खेप मी ओतून देते. तीनच्या आसपास चव छान लागते आणि अडीचच्या खाली गेलेला प्यायचा नसतो. ‘चाखून कळतं की’ असं मला पुष्कळ जण म्हणतात. नाही कळत. साखर आंबटपणा झाकते. स्वयंपाकात जिभेवर विश्वास ठेवणारी मी, इथे मात्र कागदाच्या पट्टीचं ऐकते.

३.

मोसम माझ्यापेक्षा मोठा कारागीर आहे, हे मान्य करावं लागलं. मे महिन्यात पाच-सहा दिवसांत चहा आंबटढाण होतो. डिसेंबरात तोच चहा दोन आठवडे घेतो. सगळ्यात जपावं लागतं ते पावसाळ्यात, कारण तेव्हा घरात चपलांपासून पापडांपर्यंत सगळ्यालाच बुरशी धरायला बघते. पृष्ठभागावर कोरडे, लवदार, पांढरे-हिरवे किंवा काळे ठिपके दिसले की ती बुरशी. चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागे म्हणजे यीस्ट, त्याला घाबरायचं कारण नाही. बुरशी दिसली तर ठिपका खरवडून बाकीचं वाचवता येत नाही. अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीच्या काही जाती विषारी द्रव्यं तयार करतात आणि ती खालच्या पाण्यातही उतरू शकतात. चकती, चहा, सगळं टाकायचं, बरणी उकळत्या पाण्याने धुवायची, आणि दुसऱ्याकडून नवं विरजण आणायचं. म्हणून मी दोन-तीन मैत्रिणींकडे नेहमी विरजण देऊन ठेवलेलं असतं. माझं गेलं तर त्यांच्याकडून येतं, त्यांचं गेलं तर माझ्याकडून जातं.

दुसरा शत्रू चिलटं. आंबट वासावर ती येतात आणि बारीक भोक सापडलं तरी आत शिरून अंडी घालतात. विरळ जाळीचं कापड इथे कुचकामी. लोणच्याच्या बरणीला आजी जो घट्ट विणीचा दादरा बांधायची, तोच इथेही लागतो. हवा आत जायला हवी, चिलट नको.

४.

भांड्याचा प्रश्न इतका गंभीर असेल असं वाटलं नव्हतं. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये, ताक कळकतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असायचं. आम्ल धातू खातं आणि तो धातू पोटात जातो. पण चिनीमातीबद्दल आपल्याला तितकी शंका येत नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात एका जोडप्याची हकीकत प्रसिद्ध झाली. ते घरी चिनीमातीच्या भांड्यात कोंबुचा करत होते. भांड्यावरच्या झिलईत शिसं होतं. आम्लाने ते हळूहळू विरघळवलं आणि दोघांनाही शिशाची विषबाधा झाली. पेयात वावगं काहीच नव्हतं, सगळं विष भांड्याचं होतं.

आमच्या माळ्यावर जुनी, पिवळ्या-तपकिरी झिलईची सुरेख बरणी आहे. तिची झिलई कशाची आहे हे सांगणारं कोणी नाही. ती मी शोभेला ठेवली आहे. कोंबुचा काचेत होतो.

५.

साखर यीस्ट खाऊन टाकतं, हे अर्धंच खरं आहे. ‘साखर आपल्यासाठी नसते, त्या जिवांसाठी असते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते ऐकायला इतकं बरं वाटतं, की खोडायला जड जातं. पण आठवड्याभरानंतरही साखरेचा बराच भाग पेयात उरलेला असतो. काही साखर म्हणून, काही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात. फक्त आंबटपणामुळे ती जिभेला जाणवत नाही. पुढे बाटलीत भरताना जांभळाचा रस किंवा आंबा घातला की आणखी भर पडते.

पण याच हिशोबात मला माझ्या घरातला खरा फायदाही सापडला. बाजारातल्या कोलात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. माझ्या बरणीत सुरुवातच सात ग्रॅमने होते आणि तिथून ती उतरत जाते. आमच्या घरी उन्हाळ्यात फ्रीजचं दार भरून कोलाच्या बाटल्या असायच्या, त्या मुलांनी आपणहून बंद केल्या. आलं घातलेला फसफसता कोंबुचा त्यांना जास्त आवडला. आमच्या तब्येतीला काही हातभार लागला असेल तर तो मुख्यतः या अदलाबदलीचा आहे, असं मला वाटतं. साधं पाणी किंवा पातळ ताक पिणाऱ्याला हा फायदा मिळायचा नाही, कारण त्याला सोडायला काही नाही.

६.

सगळ्यात जास्त धक्का बसला तो हे कळल्यावर की माणसांवर याचे अभ्यास जवळजवळ झालेलेच नाहीत. कोंबुचा पचन सुधारतो, सांधे मोकळे करतो, रक्तदाब उतरवतो, प्रतिकारशक्ती वाढवतो, हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की मागे कुठेतरी भक्कम पुरावा असणार असं मी धरून चालले होते. शोधायला गेल्यावर जे सापडलं ते बहुतेक काचनळीतलं किंवा उंदरांवरचं. काचनळीत कोंबुचा काही जंतूंची वाढ रोखतो. त्यात चहाची पॉलिफेनॉल असतात आणि ती अँटिऑक्सिडंट म्हणून काम करताना दिसतात. उंदरांच्या यकृतावर, रक्तातल्या साखरेवर चांगले परिणाम दिसले आहेत. हे प्रयोग मोलाचे आहेत, पण उंदराच्या पोटातून माणसाच्या पोटापर्यंतचा रस्ता लांब असतो.

२००३ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या एडझार्ड अर्न्स्ट यांनी तोवरचा पुरावा धुंडाळला. उपयोग सिद्ध करणारी एकही वैद्यकीय चाचणी त्यांना मिळाली नाही. मिळाल्या त्या अपाय झाल्याच्या सुट्या नोंदी. २०१९ साली अमेरिकेत पुन्हा तसाच आढावा घेतला गेला. माणसांवर केलेला एकच अभ्यास हाती लागला, तोही तुलनेसाठी दुसरा गट नसलेला. मधल्या काळात जगभर किती बाटल्या विकल्या गेल्या असतील!

मग २०२३ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला. टाइप-२ मधुमेहाच्या बारा जणांना चार आठवडे रोज २४० मिलिलिटर कोंबुचा दिला, आणि मध्ये खंड ठेवून चार आठवडे तसंच दिसणारं-लागणारं दुसरं पेय. कोंबुच्याच्या काळात उपाशीपोटीची साखर सरासरी १६४ वरून ११६वर आली. हे आकडे वाचून माझे डोळे चमकले, हे कबूल करते, कारण आमच्या घरात मधुमेह पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण पुढे वाचलं तर दुसऱ्या पेयाच्या काळातही साखर १६२ वरून १४१वर आली होती, आणि हा फक्त पहिला, चाचपणीचा अभ्यास आहे असं संशोधकच सांगत होते. बारा माणसं म्हणजे आमच्या सोसायटीतला एक मजला. सासूबाईंनी मला विचारलं, ‘मग मी रोज घेऊ का ग? गोळी कमी होईल?’ मी त्यांना म्हटलं, ‘आई, गोळीला हात लावायचा नाही. चवीपुरता घ्या, आणि तुमच्या साखरेच्या वहीत त्या दिवशी तसं लिहा.’ त्यांनी ती वही डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांना ती वही फार आवडली, कोंबुच्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

७.

अपायाच्या बाजूचा पुरावाही तितकाच अपुरा आहे, आणि तोही तितक्याच सावधपणे वाचावा लागतो. कोंबुचा वाईट म्हणणारे हटकून आयोवाचं नाव घेतात. १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका गावात थोड्या दिवसांच्या अंतराने दोन स्त्रिया अत्यवस्थ झाल्या. दोघींच्या रक्तात आम्ल धोकादायक पातळीला गेलं होतं, त्यातली एक दगावली. दोघीही सुमारे दोन महिने रोज कोंबुचा पीत होत्या आणि दोघींच्या चकत्या एकाच मूळ चकतीच्या होत्या. सरकारी तपास झाला, नमुने तपासले. कोणताही ओळखीचा रोगजंतू मिळाला नाही. त्याच चकतीच्या वंशातला चहा पिणारे गावातले इतर पुष्कळ लोक ठणठणीत होते. संबंध असू शकेल, सिद्ध झालेला नाही, एवढंच तपासणाऱ्यांनी लिहिलं.

मला त्या अहवालातलं एक वाक्य फार कामाचं वाटतं. निरोगी माणसाने रोज चार औंस, म्हणजे साधारण १२० मिलिलिटर घेतला तर बहुधा त्रास व्हायचा नाही, पण आधीच आजार असलेल्यांना किंवा जास्त पिणाऱ्यांना काय होईल ते माहीत नाही, असा त्याचा आशय आहे. तेव्हापासून मी घरात कोंबुच्यासाठी छोटे पेले ठेवले. एक पेला जेवणाबरोबर, आणि पुरे.

८.

‘शरीर शुद्ध करतो’ या दाव्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. कोंबुच्यात ग्लुक्युरोनिक आम्ल असतं आणि ते यकृताला विषं बाहेर टाकायला मदत करतं, असं सांगतात. यकृत ग्लुक्युरोनिक आम्लाच्या मदतीने नको ती द्रव्यं बाहेर काढतं हे खरं आहे. पण ते त्याला लागेल तेवढं स्वतःच ग्लुकोजपासून बनवतं, बाहेरून पेल्यातून पुरवावं लागत नाही. कर्करोगाच्या संदर्भात तर एक जुनी गल्लतच आहे. सोल्झेनित्सिन यांच्या ‘कॅन्सर वॉर्ड’ या कादंबरीत रुग्ण एका झाडाच्या अळंबीच्या आशेवर असतात. ती बर्च झाडावर वाढणारी चागा, पण कित्येक ठिकाणी ती कोंबुच्याच्या नावावर खपवलेली सापडते. इराणमधल्या एका गावात दुखणं कमी होईल म्हणून लोकांनी अस्वच्छ जागी वाढवलेली चकती अंगावर लावली आणि त्यांना त्वचेचा अँथ्रॅक्स झाला. या आशेच्या मागे दुखणारी माणसं असतात, म्हणून मला राग येतो तो दावे करणाऱ्यांचा. माझ्या एका मैत्रिणीची केमोथेरपी चालू होती तेव्हा तिला कोणीतरी हाच चहा रोज दोन वेळा प्यायला सांगितलं होतं.

९.

तिलाच पहिल्यांदा मी ‘नाही’ म्हटलं, आणि आपल्या हातची आवडती गोष्ट एखाद्याला नाकारणं म्हणजे काय ते मला कळलं. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात. घरी केलेल्या, न तापवलेल्या पेयात नेमकं काय वाढलंय हे मला सांगता येत नाही, माझी पट्टी फक्त आम्ल मोजते. धडधाकट शरीर जे सहज परतवतं ते तिच्या शरीराला झेपलं नसतं. अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे रुग्ण, या सगळ्यांना मी तो देत नाही. पित्ताचा जुना त्रास असणाऱ्यांना आधी सांगते की हे आम्ल आहे आणि यात चहाचं कॅफिनही आहे, रात्री तर घेऊच नका.

अल्कोहोलबद्दल लोक बोलायचं टाळतात, म्हणून मी आवर्जून बोलते. कोंबुच्यात अल्कोहोल असतंच, ते यीस्टचं कामच आहे. उघड्या बरणीत जिवाणू त्याचं आम्ल करत राहतात, म्हणून ते थोडं उरतं. पण फळ किंवा साखर घालून बाटली घट्ट बंद केली की हवा तुटते, यीस्टचं काम चालू राहतं आणि अल्कोहोल वाढतं. ते अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं तर आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ते पेय मद्यात मोडतं. अमेरिकेतही मर्यादा तीच आहे. २०१० साली तिथल्या दुकानांतून कोंबुच्याच्या बाटल्या याच कारणाने काढून घ्याव्या लागल्या होत्या, आणि त्या तर कारखान्यात भरलेल्या होत्या. घरच्या बाटलीत ते एक टक्क्याच्या पुढेही जाऊ शकतं. पेलाभर घेऊन कोणाला चढणार नाही. पण आमच्या नात्यातल्या एका काकांनी मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे आणि व्यसनमुक्तीच्या गोळ्या घेतात. त्या गोळ्यांचा स्वभावच असा की थोडं अल्कोहोल पोटात गेलं तरी मळमळ, धडधड, घाम सुरू होतो. ते आले की मी त्यांच्यासाठी कोकमाचं सरबत करते. पानात वाढायच्या आधी विचारायला हवं, हे मला या चहाने शिकवलं. आपल्याकडे आग्रह करायची सवय, त्यामुळे हे शिकायला वेळ लागतो.

बंद बाटलीची आणखी एक गोष्ट. आत वायू साठत राहतो आणि साध्या काचेची बाटली फुटू शकते, काचा लांबवर उडतात. दाबाला टिकणारी जाड बाटली घ्यावी, खोलीत दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, मग फ्रीजमध्ये. उघडताना वर फडकं धरावं.

१०.

दातांचा विचार मी केलाच नव्हता, तो माझ्या दंतवैद्य बाईंनी करायला लावला. पीएच साडेपाचच्या खाली गेला की दातांवरचं आवरण विरघळू लागतं, आणि कोंबुचा तीनच्या आसपास असतो. दिवसभर बाटली जवळ ठेवून घोट घोट पिणं दातांना सगळ्यात वाईट. जेवणाबरोबर एकदम संपवावा, वर साध्या पाण्याची चूळ भरावी, आणि लगेच ब्रश करू नये. मऊ झालेलं आवरण ब्रशने घासून निघतं.

११.

आंबवलेल्या चहाकडे औषध म्हणून पाहायचं काही कारणच नाही, हे मला म्यानमारच्या लाहपेने पटवलं. तिथे चहाची कोवळी पानं वाफवून, दाबून महिनोन्‌महिने आंबवतात आणि मग खातात. तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ, कुरकुरीत डाळी यांच्याबरोबर त्यांची कोशिंबीर होते, पाहुण्यांपुढे ती ठेवली जाते. उत्तर थायलंडमध्ये अशीच मियांग असते. चीनच्या युन्नानमध्ये पुएर चहा वर्षानुवर्षं मुरवतात. आपल्या आसामात सिंगफो लोक भाजलेली पानं बांबूच्या नळीत ठासून धुरावर ठेवतात. या सगळ्यांत चव आहे, आतिथ्य आहे, टिकवण्याची अक्कल आहे. कोंबुच्यालाही मी याच पंगतीत बसवते. आंबील, कांजी, इडलीचं पीठ, गोव्यातली माडीने फुगवलेली सान्नं, यांच्याशी त्याचं नातं मला औषधाच्या बाटलीपेक्षा जवळचं वाटतं.

१२.

जो नियम कोंबुच्याला लावला तोच माझ्या ताकालाही लावावा लागला, आणि ते थोडं जड गेलं. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिक कशाला म्हणायचं ते ठरवलं. सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत, आणि त्यांनी आरोग्याला फायदा होतो हे दिसायला हवं. कोंबुच्यातले जिवाणू जिवंत असतात, पण तिसरी अट त्यांच्यासाठी अजून सिद्ध झालेली नाही. बाजारातल्या काही बाटल्या तर तापवून जंतुरहित केलेल्या असतात, त्यात जिवंत काही उरतच नाही. आणि घरच्या दह्यात कोणते जिवाणू किती आहेत हे तरी मी कुठे मोजलंय? ते मी पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासावर खाते. तो विश्वास मला सोडायचा नाही. फक्त आता दुसऱ्याला सांगताना ‘आम्हाला सोसतं, आवडतं’ एवढंच म्हणते.

१३.

विरजण देताना आता मी आधी घराची चौकशी करते. घरात कोण आजारी आहे, कोणाच्या काय गोळ्या चालू आहेत, लहान कोण आहे. काहींना हे नको तितकं खोलात शिरणं वाटतं, पण मला त्याशिवाय राहवत नाही. अलीकडे आमच्याच इमारतीतलं एक तरुण जोडपं चकती न्यायला आलं होतं. त्यांची मुलगी सात महिन्यांची. मी त्यांना काचेच्या बरणीत चकती आणि विरजण दिलं, प्रमाण कागदावर लिहून दिलं, पट्ट्यांचं पाकीट दिलं, बुरशी कशी ओळखायची ते सांगितलं. मग म्हटलं, बाळाला चव म्हणूनसुद्धा बोट चाटवायचं नाही, आणि अंगावर पाजतेस तोवर तूही थांब. मला वाटलं ती हिरमुसेल. तिने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, ‘काकू, मग सध्या मी करायला शिकते. प्यायचं पुढच्या वर्षी बघू.’